अकरा नंबरच्या बसमागे

आदरणीय मामा,

वाकून नमस्कार. नऊ आठवड्यांपूर्वी, सोमवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, बागेच्या फाटकापाशी एका मुलीने माझ्या शर्टाला एक डबी अडकवली आणि म्हणाली, "श्वास नेहमीसारखा घ्या." त्या क्षणापासून माझं सगळं बदललं. नेहमीसारखा श्वास मला अजून काही घेता आलेला नाही. तुमची कंबर कशी आहे? मामींचा गुडघा? आपलं बोलणं बंद आहे हे मी विसरलेलो नाही, आणि तुमचा राग रास्तच आहे. तुम्ही खटपट करून कॉलेजात घातलंत आणि मी मधूनच निघून आलो. (पण सरांनी माझ्या प्रयोगवहीवर लाल शाईने "आकडे बनावट" असं लिहिलं. आकडे बनावट होते, तरी माणसाला सांगायची काही रीत असते. मी वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि आलो.) म्हणून बोलत नाही, लिहितो. तुम्ही आईला सांगितलंत ना, की तुमच्या अकरा नंबरच्या गाडीमागे रोज सकाळी एक जाडा धावत येतो, त्याच्यासाठी गाडी थांबवली तर चढत नाही, बुटाची नाडी बांधत बसतो. मामा, तो मी. टोपी ओढलेली असते आणि मध्ये तुमचा धूर, म्हणून आरशात ओळखलं नसेल.

आता नीट सांगतो. ती मुलगी संशोधन करते. हवेत धूर-धूळ जास्त असेल तर रोज घाम गाळूनही वजन उतरायचं तेवढं उतरतं का, हा तिचा प्रश्न. त्यासाठी तिने आम्हा एकवीस धावणाऱ्यांना निवडलं. डबी धूळ मोजते, खाल्लेलं आम्ही वहीत लिहायचं आणि शनिवारी काट्यावर उभं राहायचं. सगळे तिला डबीवाली म्हणतात. (मी मनात वेगळं म्हणतो, ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.) फेऱ्या बागेतच मारायच्या असा नियम आहे. पण सातच्या ठोक्याला ती तुमच्या गाडीत बसून प्रयोगशाळेकडे निघते, मग मी बागेत राहून काय झाडं मोजू? निघालो मागे. वाटेत सात थांबे आहेत म्हणून जमतं, नाहीतर एक्याण्णव किलोचा माणूस बस गाठतो कसला. प्रत्येक थांब्यावरून सुटताना तुमची गाडी जो काळा लोट सोडते तो थेट माझ्या तोंडात आणि डबीत. (इंजिन एकदा दाखवून घ्या. हे भाचा म्हणून नाही, फुप्फुसांचा मालक म्हणून सांगतोय.)

प्रयोगशाळेसमोर एक बेकरी आहे. तिथल्या बाकावरून दुसऱ्या मजल्यावरची तिची खिडकी दिसते. आता नुसतं बसून खिडकीकडे बघणारा माणूस वाईट दिसतो, म्हणून मी एक बन घेतो, लोणी लावून, वर साखर. ती खिडकीत यायला कधी तीन बन लागतात, कधी पाच. ही गोष्ट वहीत कुठल्या तोंडाने लिहायची? मी "एक पेला पाणी" असं लिहीत गेलो. (पाणी प्यायचोच, त्यात खोटं नाही.) आई रोज विचारते, "पळायला जातोस की चरायला?" तिच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

आणि मामा, गेल्या शनिवारी काट्याने चौऱ्याण्णव दाखवले आणि डबीवालीचा चेहरा असा उजळला की मला आणखी दोन किलो वाढवावेसे वाटले. तिने कागद दाखवला. खाली कोपऱ्यात वीस ठिपके एकमेकांना चिकटून बसलेले आणि पार वरती एकटा एक. म्हणाली, "हे तुम्ही. एवढा धूर, एवढं धावणं, इतकं कमी खाणं, आणि तरी वजन वर. तुमच्यासारखा माणूस मला शोधून सापडला नसता." हे वाक्य मी तीन दिवस उशाशी घेऊन झोपलो. शुक्रवारी तिच्या साहेबांपुढे ती हे मांडणार, आणि मी शेजारी उभं राहून हो म्हणायचं. शेजारी, मामा. मी नवा शर्टसुद्धा इस्त्री केला. आमच्यातला बँकवाला हसला, "एकटाच लटकतोयस की रे वर," तेव्हा मी त्याची कॉलर धरली. ती मध्ये पडली आणि माझ्या मनगटाला तिचा हात लागला. (डावं मनगट.)

पण आज सकाळी आमच्यातल्या शिवणकामवाल्या मावशी फाटकापाशी थांबल्या. त्यांचं वजन पाच किलोंनी उतरलंय, जिना आता न थांबता चढतात. मला म्हणाल्या, "डबीवाली म्हणते धुराने उलट वजन वाढतं. तुझ्याकडे बघून पटतंही. मग मी उद्यापासून येणं बंदच करते, घरी मशीनवर बसलेली बरी." मामा, त्या खरंच डबी काढून देत होत्या. माझ्या बनांपायी.

तुमचा भाचा

ता. क. खरं काम असं आहे. सोबत दुसरी वही ठेवली आहे, त्यात बन दिवसवार आहेत आणि बसमागचं धावणंही. उद्या सकाळी डबीवाली गाडीत चढेल तेव्हा तुम्ही तिला द्याल का? तुमच्या अंगावर गणवेश असतो, तुमच्या हातून ती शांतपणे घेईल. मी त्या वेळी गावात नसेन असं काहीतरी करतो.

आणखी ता. क. आई पाठीमागून वाचत होती. म्हणाली, "त्याला गाडी चालवू दे. खाल्लंस तू, बघत बसलास तू, आणि सांगायचं मामाने?" मी भडकलो, पेन फेकलं. ते कपाटाखाली गेलं, हे पेन्सिलीने लिहितोय.

शेवटचा ता. क. वही पाकिटातून परत काढली. डबीवाली साडेपाचपर्यंत प्रयोगशाळेत असते, आता पावणेपाच झालेत. वाचल्यावर ती माझं तोंडही बघणार नाही, पण वीस ठिपके तरी तिच्या हातात राहतील, आणि उद्या साहेबांपुढे तिची मान खाली जाणार नाही. बेकरीच्या बाजूने जात नाही. पत्र आईकडे देतोय. हे उंबऱ्यात उभा राहून लिहिलं. वही काखेत धरली आहे, दार बाहेरून ओढून घेतो.