पुढच्या चाकांचा रुसवा

॥ श्री ॥
वैशाख शुद्ध त्रयोदशी

तीर्थस्वरूप बाळाराममामांच्या पायांवर डोकं टेकून भाचा जयदेव याचा नमस्कार. आम्ही सगळे हातीपायी धड आहोत. आपला दमा, चंद्रामामींचे गुडघे आणि गाभण म्हैस यांच्या प्रकृतीची काळजी वाटते. (म्हशीला मुद्दाम शेवटी घातलं आहे, मामींनी गैरसमज करून घेऊ नये.) रविवारी आपण छत्री काखेत मारून आमच्या अंगणातून निघालात ते थेट होडीत जाऊन बसलात, आणि जाताना साऱ्या बोनकोड्याला ऐकू जाईल असं बोललात, "तुजी गारी चारी चाकांनी माजे दारान येल, तवाच मी बोनकोड्यान पाय ठेवीन!" परवा मैनाचं लग्न. मामाने हात धरून आणल्याशिवाय भाची बोहल्यावर जात नाही, आणि मैनाने तर सगळ्यांसमोर सांगून टाकलंय, "मामा नाय त मी उभी रानार नाय." आई मला आई म्हणून जेवायला वाढते, आणि आपली सख्खी बहीण म्हणून भाकरी लांबून टाकते. तेव्हा झालं ते सगळं एकदा आपल्यापुढे ओळीने मांडावं म्हणून हा कागद.

गाडीची माहिती आपल्याला आहेच, तरी सांगतो (मला तिच्याविषयी सांगायला कुणीतरी लागतंच). लढाईत फिरून आलेली, लष्कराच्या लिलावात घेतलेली, पुढे दोघांची बैठक आणि मागे उघडा हौदा. मी तिच्यातून ठाण्याच्या बाजाराला मासळी नेतो आणि गाव तिला 'पलटण' म्हणतं. तिचं खरं वैभव म्हणजे गिअरच्या शेजारचा दुसरा लिव्हर. एरवी मागची दोन चाकं गाडी ढकलतात, पण हा लिव्हर पुढे रेटला की पुढची दोनसुद्धा ओढायला लागतात, आणि मग चिखल म्हणू नका, रेती म्हणू नका, गाडी म्हशीसारखी आरामात बाहेर येते! हे मी आपल्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आपण विचारलंत, मग एरवी पुढची दोन नुसती शोभेला का? मामा, त्या दिवसापासून मला त्यांच्याकडे पाहिलं की कसंसंच होतं.

तर आपण लग्नाच्या मांडवासाठी म्हणून पंधरा दिवस आधी आलात, आणि मी पत्रिका वाटायला पनवेल, उरण करत तीन दिवस बाहेर होतो. परत आलो तो आईने गाडीत पायांखाली नवी कोरी चटई घातलेली. वऱ्हाड न्यायचं म्हणून मी लगेच गाडी खाडीकाठच्या खाजणाच्या बांधाकडे काढली, पारखून पाहायला चिखलात घातली, आणि ती कमरेपर्यंत बसली. मी ऐटीत लिव्हरला हात घातला. ढिम्म! दोन्ही हातांनी रेटला, पाठ टेकून पायांनी रेटला, मग तिघांनी मिळून रेटला, तरी तो देवळातल्या खांबासारखा जागच्या जागी. आपणही चिखलात उतरून खांदा लावलात, आणि पाणी दारापर्यंत आलेलं असताना आत वाकून मोठ्या आनंदाने म्हणालात, "पन बघ, आतमंदी थेंब नाय!" मला तेव्हा वाटलं मामा मला धीर देतायत. शेवटी दोन बैलजोड्यांनी पलटण ओढून काढली आणि मी त्या दिवशी गावात तोंड दाखवलं नाही.

पुढचे दोन दिवस जो येईल तो वैद्य. एकाने लिंबू-मिरची बांधली. एकीने सांगितलं की दसऱ्याला हार नुसता मागच्या चाकांना घातला होतास, पुढची रुसली आहेत, तेव्हा पुढच्यांना नारळ फोडले, तेही दोन, एकाला दिला आणि दुसऱ्याला नाही असं नको म्हणून. त्याच सकाळी मासळी घेऊन ठाण्याला गेलो तर बर्फाचं पाणी हौद्यातून खाली गळेचना. गिऱ्हाइकं म्हणाली, बोंबील मेलेले आणलेस की पाळलेले? मी तेही पुढच्या चाकांच्याच खात्यावर टाकलं. शेवटी पनवेलहून ताजुद्दीन मिस्त्रीला आणलं. हा माणूस लढाईत अशाच गाड्या चालवून आलेला, माणसांशी फार बोलत नाही, गाडीला कान लावतो. त्याने पुढची चाकं जॅकवर उचलली, हाताने फिरवून पाहिली, पुढचा शाफ्ट सोडून पाहिला, तेल बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला. सगळं ठीक. मग गाडीखाली शिरून त्याने लिव्हरखालची सळई सुटी केली आणि नुसत्या हाताने पुढे ढकलली. खट्! आतली दातेरी चाकं लोण्यासारखी बसली. मामा, तो आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. ताजुद्दीन बाहेर आला, तोंडावरचं ग्रीस पुसलं आणि म्हणाला, "लोखंडाला कायबी झालं नाय. रोग वर हाय." आणि त्याने आईची चटई उचलली.

चटईखाली लिव्हरच्या भोवतालची सबंध फट कापूस ठासून, वर राळ ओतून, बोट फिरवून अशी गुळगुळीत केली होती की पाहत राहावं. वैशाखाच्या उन्हात तिचा दगड झाला होता. मग हौदा पाहिला, तिथेही एकूण एक भोक बुजलेलं. आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. (काय निघालं ते इथे पुन्हा लिहीत नाही. त्यात गाढव होतं.) मागे वळून पाहतो तो आपण, हातात चहाचा कप. कप मडगार्डवर हलकेच ठेवलात आणि छत्री उचललीत. मामा, मला उशिरा का होईना कळलं. ज्याने चाळीस वर्षं होड्यांच्या फटी बुजवल्या, त्याला पायांखालून उजेड दिसला तर तो गप्प कसा बसेल? भाचीची पाठवणी ज्या गाडीतून व्हायची तिच्यात तिचे पाय भिजू नयेत, एवढंच आपल्या मनात असणार. मला ते तेव्हा सुचलं नाही आणि त्याची लाज वाटते.

बरं, आता आनंदाची बातमी! ताजुद्दीनने अर्धा दिवस छिन्नी चालवून राळ काढली. लिव्हर मोकळा झाला, पुढे जातो, चारी चाकं चिखल उडवतात, आपली अट पुरी झाली. तरी राग सोडून लग्नाला यावं ही विनंती. मामींना नमस्कार, म्हशीला हिरवा चारा.

आपला आज्ञाधारक भाचा,
जयदेव

ता. क. हा कागद टपालाने आलेला नाही. मघाशी जो आवाज ऐकून आपण दार लावून घेतलंत तो पलटणीचाच. गाडी जासईला आपल्या दारात, चिंचेखाली उभी आहे आणि मी आत बसून स्टिअरिंगवर कागद ठेवून लिहितोय. आपला खोकला इथवर ऐकू येतोय, तेव्हा दम्याचं कळवायची तसदी घेऊ नये. कागद मामींच्या हाती देतोय.

ता. क. २. चारी चाकांचं वर लिहिलं ते खरं आहे, फक्त पुरं नाही. राळ काढल्यापासून लिव्हर पुढे जातो पण तिथे राहत नाही, खड्डा आला की टुणकन मागे. ताजुद्दीन म्हणतो नुसत्या हाताने ढकलताना कळलं नाही, पण आतले दात झिजलेत, नवा भाग मिळायला महिना लागेल, तोवर त्या राळेनेच धरला असता. म्हणून येताना कापूस, राळ आणि हातोडी घेऊनच या. मी लिव्हर पुढे रेटून धरतो, आपण तो बुजवा. दुसऱ्या कुणाच्या हाताला ती सफाई नाही. आणि गाढव मी होतो. (हे वरतीच लिहायचं होतं, हात वळत नव्हता.)

ता. क. ३. लवकर ठरवा, भरतीचं पाणी खाजणातल्या वाटेवर चढायला लागलंय. आणि येताना लिव्हर कुणी धरला हे सांगायचं राहिलं. उद्या हळद लागायची, नवरीने वेस ओलांडू नये म्हणून आई ओरडली, मी ओरडलो, पण मैना चढून बसलीच. सबंध खाजणातून दोन्ही हातांनी लिव्हर रेटून आली आहे आणि अजून सोडत नाही. मी सांगितलं, गाडी थांबली, आता सोड. ती म्हणते, मामाने बघितल्याबिगर नाय. मामा, दार उघडा.