जामीन राहिलेला मेहुणा

भाऊजी,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच भाऊजी.

तुमच्या जिमच्या कर्जाला मी जामीन राहिलो. हप्ते तुम्ही थकवलेत, आणि वसुलीवाल्यांचा फोन आला तो थेट माझ्या युनिटमध्ये. साहेबांनी समोर उभं करून विचारलं, "कर्जात बुडालेल्या माणसाकडे शस्त्रागाराच्या किल्ल्या कशा ठेवू?" मी किल्ल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. बढतीही गेली. तुमचं कर्ज माझ्या अंगावर आलं, म्हणून आता मी दिवाळखोरीचा अर्ज केलाय.

सुट्टीत जाब विचारायला आलो, तर नव्या सोफ्यावर पाय पसरून तुम्ही म्हणालात, "तुला काय कमी आहे? सरकार पोसतंय की!" तुमची कॉलर धरणारच होतो. तेवढ्यात ताई पोट सावरत पाणी घेऊन आली. म्हणाली, "तू होतास म्हणून निभावलं रे. सगळं कर्ज फेडलं यांनी." तुम्ही खुशाल मान डोलावलीत. मी पाणी प्यायलो आणि निघालो.

हे पत्र टाकत नाही, कारण तुमच्याकडचं टपाल तीच उघडते. तिचं बाळंतपण सुखरूप होऊ द्या. मग मी येईन, आणि तिच्यासमोर सगळं तुमच्याच तोंडून वदवून घेईन.

तुमचा, नाइलाजाने,
मेहुणा