सिंगलचं भाषांतर

लोहारा,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. अमरदीप यास,

सप्रेम जय भीम.

इथं आम्ही सगळे बरे आहोत. तूही तिकडं मेक्सिकोत बरा असशीलच, तुझी तब्येत बिघडल्याचं आजवर कधी कानावर आलेलं नाही. थंडी पडायला लागली की आबांचा गुडघा धरतो, तेवढं सोडलं तर दिवसभर शेळ्यांमागं हिंडतात. यंदा सोयाबीन पाण्यात बसलं. उरलंसुरलं काढून ज्वारी पेरली आहे. मायच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, आता तिला लांबचंसुद्धा दिसतं. प्रीती बरी आहे.

तुझं कुरिअर मिळालं. स्टँपपेपरवरचं प्रतिज्ञापत्र, त्याला टाचलेली चिठ्ठी आणि माझ्या सहीशिक्क्यासाठी खाली सोडलेली जागा, सगळं सुखरूप पोचलं. चिठ्ठी मराठीत आहे हे पाहून आश्चर्य वाटलं. एरवी वाढदिवसाच्या शुभेच्छाही तू इंग्रजीत देतोस. आणि ओळीओळीला अक्का, अक्का. मी कॉलेजात इंग्रजी शिकवून उरलेल्या वेळात स्पॅनिश भाषांतरं करते, ते तुला इतकी वर्षं ‘अक्काचा टाइमपास’ वाटायचं. आता त्या टाइमपासची सही हवी आहे.

तुझं म्हणणं मला कळलं ते असं. तिथल्या लूसिया नावाच्या मुलीशी तुला लग्न करायचं आहे. लग्नाच्या कचेरीत इंग्रजी चालत नाही. प्रतिज्ञापत्रात तू स्वतःला ‘सिंगल’ म्हटलं आहेस. तिथला भाषांतरकार त्याचं सरळ ‘अविवाहित’ करून टाकेल आणि उद्या कुणी तो कागद इकडं दाखवला तर तुझी पंचाईत. म्हणून मी असा शब्द शोधायचा, जो तिकडं चालेल आणि इकडं खोटा ठरणार नाही. वर तू मलाच शिकवतोस, ‘अक्का, इंग्रजी शब्दाला दहा अर्थ असतात हे तूच सांगतेस ना? सिंगल म्हणजे एकटा असंही होतं. मी इथं एकटाच राहतो. म्हणजे खोटं काहीच नाही.’

प्रीतीला यातलं काही कळू देऊ नको, योग्य वेळी मी सांगेन, असंही बजावलं आहेस. मी तिला एक अक्षर सांगितलेलं नाही.

शब्दांशी तुझं पहिल्यापासून असंच. आबांच्या उस्मानाबादी शेळ्या मेक्सिकोत विकायचं वेड तुला लागलं होतं, आठवतं? मोंतेरेत करडाचं मटण लोक चवीनं खातात एवढं ऐकलंस आणि लगेच माहितीपत्रक काढलंस. इंग्रजीत ‘किड’ म्हणजे करडू आणि लेकरूही. स्पॅनिशमध्ये करडाला काब्रितो म्हणतात, लेकराला नीन्यो. मला विचारायचा कमीपणा वाटला म्हणून फोनला विचारलंस, आणि फोननं तुझ्यासारखाच हाताला लागेल तो पहिला अर्थ उचलला. सहा महिन्यांची गुटगुटीत लेकरं वजनावर विकणे आहे, मांस कोवळं. मग मला फोन करून रडकुंडीला आलास, ‘अक्का, ती माणसं माझ्यावर अशी का ओरडायलीत?’ मी तेव्हा पोट धरून हसले होते. आता परत तेच करायला निघाला आहेस, फक्त या वेळी करडाच्या जागी प्रीती आहे.

बरं, तुझ्या समाधानासाठी शब्दकोश उघडते. एकटा म्हणायचं तर सोलो. पण ज्या चिठ्ठीत तू एकटाच राहतोस तिच्यातच खाली लिहितोस की लूसियाची आई सकाळ-संध्याकाळ कागदांची चौकशी करते, घरात तोंड लपवावं लागतं. ऊनिको म्हणजे एकमेव. आबांचा तू एकुलता एक मुलगा, तिथं हा शब्द बसेल, पण ते आबांचं नशीब झालं, तुझं कर्तृत्व नव्हे. गाडीच्या सिंगल तिकिटाला सेन्सियो म्हणतात, जाण्याचं असतं, परतीचं नसतं. हा तुझ्या मापाचा आहे. अडचण एवढीच की सेन्सियोचा दुसरा अर्थ साधा, सरळ असा होतो, आणि तुझ्या नावापुढं तो लिहायला माझा हात वळत नाही. राहता राहिला सोल्तेरो, म्हणजे अविवाहित. कचेरीला हवा तोच शब्द, आणि तुला तेवढाच नको आहे.

स्टँपपेपरवरची तारीख पाहिली. गेल्या मे महिन्यातली. पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आला होतास, तेव्हा एक दिवस ‘बँकेचं काम आहे’ म्हणून सकाळच्या एसटीनं धाराशिवला गेलास. प्रीतीनं तुला शेंगापोळ्या बांधून दिल्या होत्या. त्या खाऊन तू वकिलापुढं बसलास आणि मला बायको नाही असं शपथेवर लिहून दिलंस. पोळ्या तरी परत आणायच्या होत्यास.

लग्न गावच्या विहारात झालं, पाचशे माणसं जेवली. तू पांढरा सदरा घालून, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभा राहून पंचशील म्हणाला होतास. परस्त्रीबद्दलच्या तिसऱ्या शीलाविषयी धाकट्या भावाशी मी काय बोलू. चौथं खोटं न बोलण्याचं आहे, आणि ते मोडायचंही तुझ्यात धाडस नाही. अर्थ बदलून मिळतो का, ते बहिणीला विचारतोस. मला तुझा राग आला आहे असं समजू नकोस. राग ज्याच्याबद्दल थोडा मान असतो त्याचा येतो.

प्रीतीनं स्पॅनिश शिकायला घेतलं तेही तुझ्याच सांगण्यावरून. ‘इथं भाषेशिवाय भागत नाही, शिकून घे, मग नेतो.’ तुझ्या लेखी ते तिला गुंतवून ठेवायचं साधन असेल. तिनं ते खरं मानलं. गेली दोन वर्षं दर रविवारी मी लोहाऱ्याला आले की ती शेळ्यांचं पाणी, मायचे डोळ्यांचे थेंब, सगळं उरकून वही घेऊन पडवीत बसते. सुरुवातीला तिला फार गंमत वाटायची, इंग्रजीत एक शब्द आणि स्पॅनिशमध्ये त्याचे तीन कसे. ‘नेल’ म्हणजे खिळाही आणि नखही, तिकडं मात्र वेगवेगळे शब्द. ती म्हणाली होती, ‘इंग्रजी मानूस लई कंजूस हाय अक्का, एकच भांडं समद्याला वापरतंय.’

एकदा तिनं मला ‘लीव्ह’ विचारला. त्या दिवसांत तुला लीव्ह मिळत नव्हती ना, दर महिन्याला.

‘लीव्ह म्हंजी रजा बी आन सोडून जाणं बी? मग ह्येंचं कंचं अडलंय?’ असं म्हणून स्वतःच हसली. मी सांगितलं, स्पॅनिशमध्ये असा घोळ नाही. रजा म्हणजे पेर्मीसो आणि सोडून जाणं म्हणजे देखार. तिनं पेर्मीसो लिहून घेतला. देखार लिहिला नाही. म्हणाली, ‘ह्यो आपल्याला लागायचा न्हाय.’

इथवर लिहून मी दोनदा उठले. एकदा चहा केला, एकदा उगाच शेळ्या मोजून आले. जे सांगायचं आहे ते अजून सांगितलेलं नाही, आणि सांगितल्याशिवाय पाकीट बंद करता येणार नाही.

तुझं कुरिअर आलं तेव्हा मी घरी नव्हते, कॉलेजात होते. प्रीती धाराशिवला माझ्याकडं आली होती. दुसऱ्या दिवशी तिची स्पॅनिशची परीक्षा होती. पाकीट तिनंच घेतलं. वर तुझं नाव, मेक्सिकोचा पत्ता आणि आत जाड कागद. तिला वाटलं, व्हिसाचे कागद आले.

फोडलं नाही तिनं. माझ्या नावचं होतं म्हणून, आणि बहुतेक दोघींनी मिळून फोडावं म्हणूनही. मी येईपर्यंत बुद्धमूर्तीपुढं ठेवलं होतं. मी पायातली चप्पल काढायच्या आत म्हणाली, ‘अक्का, आले वाटतं.’ तिचा चेहरा मला विसरता येत नाही, अमरदीप. आत काय आहे ते मला तरी कुठं ठाऊक. मीच म्हटलं, फोड.

तिनं स्टँपपेपर वाचला. दोन वर्षांत तिचं इंग्रजीही सुधारलं आहे. पहिल्यांदा तिला काहीच कळलं नाही, पान उलटून मागं पाहिलं, मग विचारलं, ‘ह्यात माझं नाव कुठंय?’ मग तुझी चिठ्ठी वाचली. योग्य वेळी सांगेन, त्या ओळीपर्यंत सगळी.

रडली. ते मी लपवत नाही, पण त्याचं वर्णनही तुला देणार नाही. ते तुझ्या कामाचं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं परीक्षा दिली. मी नको म्हणत होते. ‘फी भरलीया,’ म्हणाली आणि गेली. परत येऊन जेवली आणि माझा मोठा शब्दकोश मागून घेतला. म्हणाली, ‘ह्यो कागद मी करते. तुमी नंतर तपासा.’

बसल्या बसल्या तिला एस्पोसा सापडला. एस्पोसा म्हणजे बायको. त्याचं अनेकवचन एस्पोसास, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ बेड्या, पोलीस हातात घालतात त्या. हे मी रचलेलं नाही, लूसियाला विचार. एक असली की बायको, दोन झाल्या की बेड्या. या भाषेत पाच-सहा वर्षं घासूनही मला ते कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघी पहिल्यांदा हसलो.

मग सोल्तेरोवर आली आणि थांबली.

‘अक्का, सोल्तार म्हंजी सोडणं न्हवं का? दोर सोडावा तसं?’

‘हो.’

‘मग सोल्तेरो म्हंजी सोडलेला.’

मी तिला समजावलं की ते शब्द नुसते सारखे दिसतात. सोल्तेरोचं मूळ वेगळं आहे, ते ‘एकटा’कडून आलं आहे. ती मान हलवत ऐकत होती, पण पटलेलं दिसेना.

‘मूळ ऱ्हाऊ द्या,’ म्हणाली. ‘आपल्याकडं बाईला टाकलेली म्हनत्यात, सोडलेली म्हनत्यात. गड्याला त्यो शब्दच न्हाय. त्येंच्यात हाय, तर मी वापरते.’

परीक्षेत मी या उत्तराला शून्य दिलं असतं. त्या दिवशी मी तो शब्द तसाच राहू दिला.

काल तिला घेऊन लोहाऱ्याला आले आणि आबांना, मायला सगळं सांगितलं. आबा बराच वेळ कागदाची झेरॉक्स उलटसुलट बघत होते. मग म्हणाले, ‘सिंगल म्हंजी? सिंगल फेज व्हय?’ मी म्हटलं, तसंच समजा. ‘म्हंजी बल्ब लागतोय, मोटर चालत न्हाय,’ आबा म्हणाले आणि कागद माझ्या हातात दिला. इतके अर्थ शोधले मी, तुझ्यावर एवढा चपखल एकही बसला नव्हता. ‘पोरगी हितंच ऱ्हाईल,’ माय एवढंच म्हणाली. ‘जाईल तर तिच्या मनानं जाईल.’

आता कामाचं. मूळ स्टँपपेपर परत मागू नकोस. लोहाऱ्याला यायच्या आधीच तो शिवप्रिया वकीलबाईंकडं दिला. बायको असताना बायको नाही असं शपथेवर लिहून देणारा कागद त्यांना तुझ्याच सहीचा मिळाला, त्या फार खूश होत्या. प्रीती स्वतः सोडचिठ्ठीचा अर्ज करणार आहे. तारखेला यावं लागेल. तेव्हा लीव्ह मिळेल अशी व्यवस्था कर.

लूसियाबद्दल माझ्या मनात काही नाही. तिला तू काय सांगितलं असशील ते मी ओळखू शकते, कारण तू प्रीतीला काय सांगत होतास ते मी पाहिलं आहे. म्हणून तर हे फोनवर बोलले नाही. तू भाषांतराची वाट बघतो आहेस, पाकीट आलं की लूसिया आणि तिच्या आईसमोरच फोडशील. माझं हे मराठी पत्र तू खिशात घालशील आणि घरची खुशाली आहे म्हणून सांगशील. सोबत तुझ्या कागदाचं भाषांतर म्हणून प्रीतीच्या अक्षरातलं एक पान आहे. ते स्पॅनिशमध्ये आहे. ते वाचायला त्यांना तुझी गरज पडणार नाही, आणि पाकिटात ते मी सगळ्यांत वर ठेवते आहे.

तुझ्या माहितीसाठी त्याचं मराठी देते. फार काही नाही त्यात. ‘मी प्रीती. अमरदीप आबाराव बनसोडे यांची लग्नाची बायको. त्यांनी कागदावर सिंगल लिहिलं आहे, ते आजच्या तारखेला खरं नाही. ते खरं करणं माझ्या हातात आहे.’

आणि शेवटची ओळ, लो सुएल्तो, त्याच सोल्तारचं रूप. म्हणजे, मी त्याला सोडते. व्याकरण बिनचूक आहे.

तुला माझी सही आणि शिक्का हवा होता. त्या पानाखाली दोन्ही आहेत, इथंही करते.

सदर भाषांतर मी मूळ मजकुराशी ताडून पाहिलं आहे. ते खरं आहे आणि पूर्ण आहे.

श्रावस्ती आबाराव बनसोडे
भाषांतरकार