धाकट्यासाठी भिंतीकडची खुर्ची

मी, बागेतल्या बिडाच्या खुर्च्या नि बाक जोडून देणारी, बिनलग्नाची, धाकट्याची सख्खी थोरली बहीण, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. शरीर थकले आहे, डोके नाही. माझ्यावर दडपण आणणारा अजून जन्मायचा आहे.

१. हे मृत्युपत्र वकिलांनी घरामागच्या बागेत वाचावे. धाकट्याला भिंतीकडच्या हिरव्या खुर्चीवर बसवावे. बाकीच्यांनी कुठेही बसावे.

२. वर्कशॉप, भट्टी, वेल्डिंगचे मशीन आणि हत्यारे भावजयीला द्यावीत. बीड म्हणजे ओतीव लोखंड; ते वाकत नाही, तुटते. जोडण्याआधी ते तापवावे लागते आणि जोडल्यावर राखेत पुरून सावकाश निवू द्यावे लागते. घाई केली की टणकन तडा जातो. सबुरी तिला शिकवावी लागली नाही. तिने धाकट्याशी संसार केला आहे.

३. राहते घरही तिच्याच नावे. धाकट्याने तिथे तिच्या मर्जीने राहावे. ती मवाळ आहे, हे त्याचे नशीब.

४. आता जुना हिशेब. शाळेच्या बाईंनी मागचा पाय तुटलेली खुर्ची माझ्याकडे टाकली होती. मी तापाने अंथरुणाला खिळलेली. धाकट्याने रंगारी भिंतीला भरतात ती लांबी तुटक्या जागी भरली, वर हिरवा रंग फासला आणि "ताईने जोडली" म्हणून पोचवली. करावे तसे भरावे म्हणतात; या पठ्ठ्याने काही न करताच भरले. बाई टेकून बसल्या, पाय निखळला, त्यांचा खुबा मोडला. लोक दारात आले तेव्हा हा माझ्यादेखत म्हणाला, "मी नुसती पोचवली हो. जोड ताईचा आहे. बाईमाणसाचा हात, कुठवर पुरणार?"

मी ओरडून सांगितले, पण ऐकतो कोण? माझा एक जोड आजवर सुटलेला नाही, आणि गावभर माझे नाव 'लांबीवाली' पडले. चोर सोडून संन्याशाला फाशी! बाईंना मी तो तुटका पाय दाखवला. त्यांनी नखाने लांबी खरवडली आणि एवढेच म्हणाल्या, "मला हे त्याच्या तोंडून ऐकायचंय." मलाही तेच हवे होते, आणि अजून हवे आहे. राग मी राखेत पुरून निववला, म्हणून तो कुठे तडकलेला नाही.

५. साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकील म्हणतात. म्हणून बाईंच्या नावे काही ठेवलेले नाही. त्यांना फक्त धाकट्यासमोरची जागा द्यावी.

६. धाकट्याला भिंतीकडची खुर्ची देते. धाकट्या, ही तीच खुर्ची. तुझ्याच डब्यातली लांबी तुझ्याच पद्धतीने पुन्हा भरली आहे. मृत्युपत्र ऐकताना तू पुढे सरकूनच बसणार, हे मला ठाऊक होते. मागच्या पायावर भार नाही, म्हणून ती अजून उभी आहे. खाली वाळू पसरली आहे, हाड मोडणार नाही.

तो जोड कोणाचा होता, ते बाईंकडे बघून मोठ्याने सांग, आणि मग ऊठ. ताईचाच होता म्हणत असशील, तर बाबा, खुशाल मागे टेकून बस.

सही: लांबीवाली
साक्षीदार: शाळेच्या बाई (काठी टेकत येऊन सही केली)
साक्षीदार: शेजारचे रंगारी (लांबी यांनी ओळखली)
ठिकाण: घरामागची बाग
दिनांक: नऊ मार्च, खुर्चीचा रंग वाळल्यावर