गाण्यातून गाळलेलं नाव

२९ नोव्हेंबर १९५७, शिकागो

काल थँक्सगिव्हिंगच्या सणाला खाल्लेली टर्की पोटात जिरली नाही तोच ज्यूकबॉक्सवाला पेटिग्रू हजर! बर्डीच्या बारमधलं ते नाणं टाकलं की गाणारं यंत्र उघडून त्याने नाताळच्या तबकड्या भरल्या. माझी सगळ्यात वर. आता महिनाभर मी जिवंत. दोन जानेवारीला तो येऊन मला उपसून नेईल, की पुन्हा अकरा महिने ओझेला कोण आणि कुठली!

आयुष्यभर ब्लूज गायले. आई गेली त्यावर गायले, पुरात घर गेलं त्यावर गायले. लोकांना हवं काय, तर घुंगरांचं हे एक गाणं.

३ डिसेंबर

गल्लीत बर्फ पडतंय आणि मला हे गाणं रेकॉर्ड केलं तो जुना ऑगस्ट आठवतोय. नाताळची गाणी भर उन्हाळ्यात रेकॉर्ड करायची, ही या धंद्याची तऱ्हा. रस्त्याचा आवाज नको म्हणून खिडक्या बंद. पंख्यापुढे टबात बर्फाची लादी. आमचा ड्रमवाला शॉर्टी नुसत्या बनियनवर बसून घोडागाडीचे घुंगरू वाजवतोय, घामाच्या धारा! त्याच वर्षी वसंतात थर्मन मला सोडून डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात गेला होता. इतकी वर्षं एकत्र संसार केला, लग्न तेवढं राहिलं. मी गाणं त्याच्यासाठीच रचलं – 'थर्मन, नाताळला घरी ये.'

रेकॉर्डवाला म्हणाला, "थर्मन कोण? ते नाव काढ, 'राजा' म्हण. म्हणजे ज्याला त्याला आपलं माणूस तिथे बसवता येईल."

मी काढलं. गाजायची हौस होती ना! गाजलंही. आणि मी हात चोळत बसले.

८ डिसेंबर

चर्च सुटल्यावर थर्मनच्या बहिणीला, नेटीला, गाठलं. भावाने माझं गाणं ऐकलंय का विचारलं.

"ऐकलंय की. दर नाताळात लावतो. फार आवडतं त्याला."

"मग काही म्हणाला नाही?"

"काय म्हणणार, अगं? गाणं आहे ते."

म्हणजे त्याला कळलंच नाही. गावभर बाया आपापल्या नवऱ्यासाठी या गाण्यावर रडतात, आणि ज्याच्यासाठी रचलं तो नुसता ताल धरतो. कर्म माझं!

पण थर्मन नाताळला आईकडे येतोय. एकवीसला, शनिवारी, मी बर्डीकडे गाते तेव्हा ऐकायलाही येणार. नेटी हे सांगताना टोपीची पिन काढत-घालत होती, माझ्याकडे बघेना. असू दे. त्या दिवशी मी नाव घालूनच गाणार. त्याच्या तोंडावर. मग तरी कळेल.

१५ डिसेंबर

काल तालीम म्हणून बारमध्ये 'थर्मन' घालून म्हटलं. लोक चिडले! माझ्यावर आवाज चढवून सगळे 'राजा, राजा' गायला लागले. मला माझंच गाणं शिकवतात! उतरल्यावर बर्डीने बाजूला घेतलं. म्हणाली, "बाई गं, ते आता तुझं राहिलं नाही. इथल्या प्रत्येकीने त्यात कुणाला ना कुणाला बसवलंय. तू त्याला उठवतेस, मग ती चिडणारच."

बर्डीला खरं बोलायची फार वाईट खोड आहे. तरी मी एकवीसला नाव घालणारच.

२० डिसेंबर

कपाटातून लाल झगा काढला, अजून बसतो. केस सरळ करायला तापलेला कंगवा फिरवताना कान भाजून घेतला. या वयात!

२२ डिसेंबर

थर्मन आला होता. पुढच्याच टेबलावर. शेजारी निळ्या टोपीतली बाई – त्याची बायको, लोरीन. चांगली आहे, तेच वाईट. गाण्याआधी माझा हात धरून म्हणाली, "मिस ओझेला, तुमच्या या गाण्यावरच आमचं जुळलं बघा. ज्यूकबॉक्सपाशी उभं राहून यांनी 'राजा'च्या जागी माझं नाव घालून म्हटलं होतं. आज म्हणाल ना?"

थर्मन ग्लासातला बर्फ हलवत होता.

मी म्हटलं. 'राजा'च म्हटलं.