किलवणी रस्त्यावरचे घर केदारला न देण्याबाबत

मी, श्रीमती नलिनी अरविंद नाबर, वय अडुसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार किलवणी रस्ता, सिल्वासा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, चष्मा लावून आणि पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. गोड बोलणारा एक जण होता, त्याचे नाव पुढे येईलच. माझा मुलगा केदार गावभर सांगत फिरतो की आईचे डोके फिरले आहे, म्हणून मी दवाखान्यात जाऊन तपासून घेतले. डॉक्टरांनी देशाचे पंतप्रधान कोण असे विचारले. यंदा एका वर्षात तीन पंतप्रधान झाले, त्यामुळे हा प्रश्न भल्याभल्यांना अवघड आहे, पण मी बरोबर उत्तर दिले. दाखला सोबत जोडला आहे. केदारने वेळोवेळी टाइप करून आणलेले आणि मी सही न केलेले कागद माझे मृत्युपत्र समजू नयेत.

कलम १. किलवणी रस्त्यावरचे राहते घर, मागचे-पुढचे अंगण, विहीर व फणसाचे झाड ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. नोकरीतल्या पगारातून मी ती उभी केली. तीत माझ्या यजमानांचा पैसा नाही, वडिलोपार्जित काही नाही, त्यामुळे केदारचा हक्कही नाही. हे सर्व मी जमनी लहानू वरठा, दुधनीच्या शाळेतील शिक्षिका, हिला देत आहे. ती माझी विद्यार्थिनी. तिचे वडील लहानू यांनी या घराच्या भिंती बांधल्या. दुधनीची त्यांची शेते पुढे मधुबन धरणाच्या पाण्यात गेली आणि जमनी आज सिल्वाशात भाड्याच्या खोलीत राहते. घर बांधून झाल्यावर लहानू एकदाही त्याच्या आत बसले नाहीत, कारण माझ्या यजमानांनी बसू दिले नाही.

यजमानांबद्दल लिहिणे भाग आहे. आम्ही पंचावन्न साली वेंगुर्ल्याहून इथे आलो. केदार तेव्हा चार वर्षांचा होता. फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, आदल्या वर्षीच गेले होते आणि अरविंदरावांना नव्या कचेरीत कारकुनी मिळाली होती. छाती फुगवून ते म्हणायचे, "आता आपलं राज्य!" पहिल्या पावसाळ्यात त्यांनी पाहिले, की कचेरीचा कौलारू माथा दिसू लागला की वारली माणसे पायातले काढून हातात घेतात, छत्री मिटतात आणि भिजत पुढे येतात. गोऱ्या साहेबाच्या वेळचा दंडक. घरी येऊन मला हसत सांगितले, "बिचारे अजून घाबरतात गं. गोरा गेला हे कळलंच नाही त्यांना." पुढच्या पावसाळ्यात एक जण छत्री उघडी ठेवून आणि चपला घालून कचेरीच्या पायरीवर चढला, तर अरविंदरावांनी त्याला सगळ्यांदेखत खाली उतरवले. त्या दिवशी जेवताना ते हसले नाहीत. "माजलेत," एवढेच म्हणाले. गोऱ्याला जी सवय जडायला कित्येक पिढ्या लागल्या, ती आमच्या माणसाने एका वर्षात अंगी बाणवली. मला यजमानांचा तेव्हा राग आला आणि तो आजही तसाच आहे. ते वारले म्हणून मी तो कमी केलेला नाही.

कलम २. शिसवी आरामखुर्ची. ही फिरंग्यांच्या बंगल्यातली, लिलावात यजमानांनी घेतलेली. तिच्यावर बसून ते लोकांना अंगणात उभे करून त्यांचे अर्ज ऐकत. केदारला ती त्याच्या हॉटेलात हवी आहे. गुजरातेत दारूबंदी, म्हणून वापी-सुरतेहून दर शनिवारी पिणारे येतात, त्यांना तिच्यावर बसून फोटो काढायचा असतो म्हणे. ही खुर्ची मी सुकदेव न्हावी, मूळचा शिरपूरकडचा, याला देत आहे. तो किलवणी नाक्यावर चिंचेखाली यार्न कंपनीतल्या कामगारांच्या दाढ्या करतो. मी त्याला आधीच सांगून ठेवले आहे. तो घाबरून म्हणाला, "माय, हाई खुर्ची मना गिऱ्हाईकले? सायब लोके काय म्हनतीन?" मी म्हटले, साहेबांनाही दाढी येतेच की, त्यांनीही रांगेत बसावे. अट एवढीच, की खुर्ची उघड्यावर, रस्त्याला तोंड करून ठेवायची आणि तिला पॉलिश करायचे नाही.

कलम ३. केदारला मी त्याच्या वडिलांचा सोला हॅटमधला मोठा फोटो देत आहे, काचेसकट. आणखी काही नाही. त्याची बायको अश्विनी हिला माझ्या साड्या व तांब्याची भांडी द्यावीत. तिच्याशी माझे भांडण नाही. ती माझ्याशी बोलते तेव्हा दार लावून घेते, इतकेच.

केदारला घर का नाही, हे आता सांगते. कोर्टात वाचले जाणार असेल तर मोठ्याने वाचावे.

माझ्या घराच्या पूर्वेला, यजमानांच्या जमिनीवर, केदारने दोन वर्षांपूर्वी हॉटेल काढले. नाव ओल्ड गव्हर्नर. केदारने आयुष्यात एकही गव्हर्नर पाहिलेला नाही, फिरंगीही पाहिलेला नाही, पण त्याला त्यांची आठवण मात्र फार येते. भिंतीवर जहाजांची चित्रे, वेटरांच्या कमरेला लाल पट्टे. वेटर सगळे आजूबाजूच्या पाड्यांवरचे. त्यांनी मागच्या दाराने यायचे, पायातले तिथेच काढायचे आणि अनवाणी वाढायचे, असा त्याचा नियम आहे. मी विचारले तर म्हणाला, "आई, गिऱ्हाइकाला जुन्या जमान्याचा माहोल पाहिजे. गोरे होते तेव्हा शिस्त होती. आपण चाळीस वर्षांत काय केलं? खड्डे!" खड्ड्यांचे खरे आहे. पण ते बुजवायला कोणाच्या पायातले काढावे लागते असे मी ऐकलेले नाही.

यंदाच्या दोन ऑगस्टला, म्हणजे मुक्तिदिनाला, त्याने ओल्ड गव्हर्नरमध्ये माझा सत्कार ठेवला. मुक्तिदिनाचे जेवण गव्हर्नरच्या घरी! मी तरी गेले, कारण मला माझ्या विद्यार्थ्यांना बोलवायची मुभा होती आणि मी जमनीला बोलावले होते. ती नवी साडी नेसून, नव्या सँडल घालून फाटकाशी आली. मी दारातच हार घालून उभी होते, सगळे माझ्या डोळ्यांदेखत घडले. वॉचमन म्हणाला, "स्टाफ पीछे से. चप्पल हाथ में लो." जमनी म्हणाली, "मी पाहुणी हाय." तेवढ्यात केदार आला. तो तिला लहानपणापासून ओळखतो, दोघे याच फणसाखाली खेळलेले. तो हसून म्हणाला, "अगं जमनी, तू होय! पुढे सगळे व्हीआयपी आहेत गं. मागनं ये ना, तू तर घरचीच."

जमनी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तुमी जेवा. मना भूक नाय." आणि वळून गेली. मी गळ्यातला हार काढला आणि गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात तसा ओल्ड गव्हर्नरच्या पाटीला घातला. मग घरी येऊन पिठले-भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी केदार म्हणाला, "सगळ्यांसमोर माझी शोभा केलीस." मी म्हटले, अजून केलेली नाही, करायची आहे. ती इथे करत आहे.

कलम ४. हॉटेलच्या मागच्या दाराला स्वतःची वाट नाही. ती माझ्या अंगणातून, माझ्या तोंडी परवानगीने जाते. स्वयंपाकघराचे सांडपाणीही माझ्याच आवारातून वाहते. या दोन्ही परवानग्या माझ्या मृत्यूच्या दिवशी संपतील. जमनीने त्या पुन्हा देऊ नयेत आणि हद्दीवर पुरुषभर उंचीची भिंत घालून घ्यावी, अशी माझी इच्छा आहे. भिंतीचा खर्च माझ्या बँकेतल्या ठेवीतून करावा, उरेल ते जमनीने ठेवावे. भिंत उभी राहिली की वेटरांना आत यायला पुढचे दार तेवढे राहते. लाल गालिच्यावरून, पायातल्यासकट. हॉटेलच्या बाजूला जागा उरलेली नाही, सगळी त्याने कारंज्याला दिली आहे.

हे कलम केदारच्या कानावर कसे गेले माहीत नाही, पण तो परवा सकाळी आला. मी तांदूळ निवडत होते. त्याची मुलगी पूजा माझ्याजवळ बसली होती.

"आई, मला लॉन करायचंय इथं. लग्नाच्या ऑर्डरी घेतल्यात मी. तू मला रस्त्यावर आणतेयस."

"रस्त्यावर नाही. तुझ्या वेटरांना पुढच्या दारावर आणतेय."

"लोक हसतील मला."

"हसू दे की. जमनीला फाटकावर अडवलं तेव्हा तू हसलास."

"एका आदिवासी बाईसाठी सख्ख्या पोराला तोडतेस?"

"ती बाई पाहुणी होती माझी. आणि तू यजमान."

तो चहा न घेता गेला. मी त्याला थांबवले नाही. मला बरे वाटले, हे लिहिताना लाज वाटत नाही.

कलम ५. माझ्या सोन्याच्या पाटल्या मी पूजाच्या नावे ठेवल्या होत्या. ती वीस वर्षांची आहे, वापीला कॉलेजात जाते आणि सुटीत बापाच्या हॉटेलात काउंटर सांभाळते. मुक्तिदिनाला जमनीच्या मागे रिक्षा नाक्यापर्यंत धावत गेलेली ती एकटीच. केदार गेल्यावर तिने विचारले, "आजी, साक्षीदार कोण?" मी म्हटले, एक आमचे जुने हेडमास्तर प्रभाकरराव, दुसरा अजून मिळालेला नाही. केदारचे नाव ऐकले की लोक पेन खिशात घालतात. ती म्हणाली, "मी करते सही." मी तिला वकिलांनी सांगितलेले समजावले, की साक्षीदाराला या मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, दिले तरी ते रद्द होते. पाटल्या घे, सही दुसरा कोणी करेल. बापाच्या घरात राहायचे आहे तुला.

ती म्हणाली, "पाटल्या जमनीताईंना दे. पप्पा कोर्टात जाणारच. तेव्हा तिथं उभं राहून कोण बोलणार, हेडमास्तर? त्यांना ऐकू येत नाही."

प्रभाकरराव एव्हाना येऊन शेजारी बसले होते. त्यांना खरेच ऐकू आले नाही.

सबब पाटल्या जमनीला देत आहे. माझी नात पूजा हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, हे मी तिला पूर्ण समजावून व तिच्या इच्छेने लिहीत आहे.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम प्रभाकररावांनी करावे. मी ते दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून, प्रभाकररावांना दोनदा मोठ्याने वाचून दाखवून, सही केली. त्यांनीही माझ्यादेखत सह्या केल्या.

ठिकाण: सिल्वासा
दिनांक: २० नोव्हेंबर १९९६

मृत्युपत्र करणार: नलिनी अरविंद नाबर (सही)

साक्षीदार १: प्रभाकर विष्णू तेरवणकर, निवृत्त मुख्याध्यापक, सिल्वासा (सही)

साक्षीदार २: पूजा केदार नाबर, विद्यार्थिनी. वडिलांचे नाव: केदार अरविंद नाबर, मालक, हॉटेल ओल्ड गव्हर्नर (सही)