उगारलेला आणि टाकलेला कोयता

डहाणू, शनिवार, मार्च १९६४

आज कोर्टात माझा अहवाल वाचला गेला. अंगावर मूठभर मांस चढलंय!

सायवनच्या लखमानं बांधाच्या भांडणात चुलतभावाला, धर्माला, मारून जखमी केलं होतं. तुरुंगाऐवजी वर्षभर तो माझ्या, म्हणजे प्रोबेशन अधिकाऱ्याच्या, देखरेखीखाली. गेल्या आठवड्यात त्यानं पुन्हा धर्मावर कोयता उगारला. पोलीस जमादार म्हणाले, "बाई, दया पुरे. आत पाठवा."

मी आधी सायवनला गेले. तासभर लखमा बोलेना. मीही ओट्यावर गप्प बसले. नोकरीच्या परीक्षेत कायदा विचारला होता, गप्प बसणं कुणी विचारलं नव्हतं! शेवटी तोच म्हणाला, "कोयता उचलला, बाई. मग तुमाला दिलेला शब्द आठवला. इहिरीत टाकला."

खरं कशावरून? धर्माकडे गेले. तो कुरकुरत म्हणाला, "टाकला. मी बघितला."

अहवालात कोयता उगारल्याचं गाळावं का? दोनदा खोडलं. मग दोन्ही लिहिलं, उगारलाही आणि टाकलाही.

न्यायाधीशांनी विचारलं, "हे त्याच्याविरुद्ध जाऊ शकतं, माहीत होतं?"

"होय. पण घडलं तसंच."

"म्हणूनच कोयता टाकल्याचंही खरं वाटतं," म्हणाले, आणि लखमाला माझ्याच देखरेखीखाली ठेवलं.

साक्षीला आलेला धर्मा आणि लखमा परतताना एकाच एसटीत चढले. बोलत नव्हते. पण धर्मानं सरकून लखमाला जागा दिली. मी स्वतः पाहिलं.